उद्धार नको, फेड हवी

खलनायकाला माणूस करण्याचे श्रेय सध्या व्हिडिओ गेमना दिले जाते. परिसंवादांत, परीक्षणांत, अनुवादकांच्या कार्यशाळांत हे विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला उत्तर देणे भाग आहे. विधान साधारण असे असते: आपल्या जुन्या कथांना खलनायक मारता तेवढा येत होता. रावण जाळला, कंस आपटला, दुर्योधनाची मांडी फोडली, की कथा संपली. पडलेल्या माणसाला पुन्हा उठण्याची वाट दिली ती आजच्या फँटसी खेळांनी. तिथे खलनायकाला भूतकाळ असतो, जखम असते, पश्चात्ताप असतो आणि शेवटी सुटकाही असते. सबब, आपल्या लेखकांनी आता महाकाव्यांची काळी-पांढरी शिकवण सोडावी आणि या खेळांकडून करडा रंग शिकावा.

या विधानाचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा घातक. चुकीचा का, हे मी ज्या गावात राहते त्या गावाच्या आधारे सांगेन. काशी हे गाव पापी माणसाचे पुढे काय होते या एकाच प्रश्नावर किमान हजार-दीड हजार वर्षे चालले आहे. घातक का, ते मात्र आधी खेळाकडेच पाहून सांगायला हवे, कारण न पाहता नावे ठेवणे हा आपल्या साहित्यिकांचा जुना रोग आहे.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. एका खेळाचे संवाद भाषांतरित करण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले होते. सोबत शब्दसूची होती आणि तीत ‘रिडेम्प्शन’ या शब्दापुढे ‘उद्धार’ असे छापून आले होते. खलनायक गावे जाळतो, पुढे रडतो, पुढे नायकाच्या बाजूने एक लढाई लढतो, आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: उद्धार. मी हरकत घेतली. उत्तर आले की खेळणाऱ्याला हा शब्द कळतो, पुढे चला. कळतो हे खरेच आहे. अडचण तीच आहे. ‘उद्धार’ म्हणजे वर उचलणे, आणि उचलणारा नेहमी दुसरा कुणी असतो. अहल्येचा उद्धार, गजेंद्राचा उद्धार. ज्याचा उद्धार होतो त्याने काय करायचे असते? पडून राहायचे असते, फार तर हाक मारायची असते. गावे जाळणाऱ्यासाठी हा शब्द वापरला की गावांचा प्रश्नच मिटतो.

आता उदाहरण घेऊ, आणि ते या प्रकारातले सर्वांत गाजलेले घेऊ: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधली सिल्व्हानस. २००२ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये ती प्रथम भेटते तेव्हा ती आपल्या एल्फ नगरीचे रक्षण करणारी सेनापती आहे. आर्थस हा धर्मभ्रष्ट राजपुत्र तिला मारतो, आणि मेल्यावरही सोडत नाही. तिला पिशाच करून आपल्या सैन्यात राबवतो. पुढे ती त्याच्या ताब्यातून निसटते, आपल्यासारख्याच मेलेल्या-जाग्या लोकांची राणी होते. इथवर तिची कथा अन्याय झालेल्या बाईची आहे, आणि ती चांगली रचली आहे. मग २०१८ मध्ये, ‘बॅटल फॉर अझरॉथ’ या विस्ताराच्या तोंडावर, ती शत्रुपक्षाचे टेलड्रासिल हे वसते झाड पेटवून देते. त्या झाडावर अख्खे शहर आहे. सैनिक बाहेर लढायला गेलेले, आत राहिले ते साधे रहिवासी.

या प्रसंगात खेळाने एक गोष्ट फार नेमकी केली, आणि तिच्याबद्दल त्याचे लेखक कौतुकाला पात्र आहेत. विरुद्ध बाजूने खेळणाऱ्याला त्या जळत्या शहरात पाठवले जाते आणि रहिवाशांना बाहेर काढायला सांगितले जाते. पडद्यावर आकडा असतो: इतक्यांपैकी इतके वाचवले. वेळ अगदी थोडा आणि आकडा इतका मोठा की तो पुरा होऊच शकत नाही. खेळणारा धावतो, एकेकाला काढतो, धूर वाढतो, वेळ संपतो. उरलेला आकडा तसाच उरतो. मेलेल्यांची मोजणी वाचकाच्या हाताने करून घेणे हे कादंबरीला जमणारे नाही. ते या माध्यमाचे खरे सामर्थ्य आहे.

मग २०२० चा ‘शॅडोलँड्स’ हा विस्तार येतो आणि लेखक माघार घेऊ लागतात. कळते असे, की आर्थसच्या तलवारीने तेव्हा सिल्व्हानसच्या आत्म्याचे दोन तुकडे झाले होते. तिच्यातला चांगला तुकडा इतकी वर्षे मृत्युलोकातल्या एका दुष्ट शक्तीकडे पडून होता. म्हणजे झाड पेटवले ते उरलेल्या अर्धीने. तुकडा परत मिळतो, ती ‘पूर्ण’ होते, आणि आपण काय केले हे पाहून हादरते. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या भागात तिचा निवाडा होतो.

सिल्व्हानस स्वतः निवाड्यापासून पळत नाही, शिक्षा मुकाट्याने घेते, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. सबब तिने शोधलेली नाही, ती लेखकांनी तिच्यासाठी आधीच शिवून ठेवली. पण सबब ती सबबच. गुन्हा करणारी ही आणि पश्चात्ताप करणारी ही, या दोघी एकच आहेत की नाहीत? एकच असतील तर तुकड्याची गोष्ट कशाला? आणि वेगळ्या असतील तर पश्चात्ताप करणारीने गुन्हा केलेलाच नाही, मग सुटका कशातून? अर्धा आत्मा हरवल्याची ही युक्ती खलनायकाला वाचवते खरी, पण त्यासाठी तिला आधी खलनायकपदावरून काढून टाकते.

आता काशी. इथला कोतवाल कोण, असे कुणालाही विचारा, पोलीस अधिकाऱ्याचे नाव ऐकायला मिळणार नाही. कोतवाल म्हणजे काळभैरव. त्याची परवानगी घेतल्याखेरीज या गावात राहता येत नाही, असे मानणारी माणसे माझ्या गल्लीत आजही आहेत, मराठी घरांतही आहेत. या कोतवालाची कथा स्कंदपुराणातल्या काशीखंडात आहे. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक शिवाची निंदा करते. शिवाच्या क्रोधातून भैरव जन्मतो. शिव त्याला आज्ञा करतो, आणि भैरव आपल्या नखाने ते मस्तक उडवतो.

यानंतर जे होते त्यासाठी मी ही कथा सांगते आहे. कवटी भैरवाच्या हाताला चिकटते आणि सुटत नाही. ब्रह्महत्या बाईचे रूप घेऊन त्याच्या मागे चालू लागते. भैरवाकडे सिल्व्हानसपेक्षा कितीतरी भक्कम सबब होती. तो जन्मलाच रागातून, ज्याने आज्ञा केली तो साक्षात देव, आणि समोरच्याचा अपराधही ठरलेला. कथा यातले काहीही नाकारत नाही, फक्त यातले काहीही कवटीला सांगून उपयोग होत नाही. नख ज्याचे, कवटी त्याच्याच हाताला. आज्ञा देणारा शिवसुद्धा ती कवटी काढून देत नाही, उलट तीच हातात घेऊन भीक मागत फिर म्हणतो. ब्रह्महत्येचे जे व्रत स्मृतींनी सांगितले आहे ते असेच आहे: बारा वर्षे, हाती कवटी, भिक्षेवर जगणे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर भीक मागताना आपले कर्म स्वतःच्या तोंडाने सांगत फिरावे असे म्हटले आहे. भैरव फिरत फिरत काशीत येतो आणि इथे कवटी आपोआप गळून पडते. लाट भैरवाजवळचा कपालमोचन तलाव त्या जागेची खूण म्हणून दाखवतात. आणि ज्या गावात कवटी पडली त्याच गावाच्या कोतवालीचे काम त्याच्याकडे आहे. मोकळा झाला म्हणून घरी गेला नाही. कामाला लागला.

काळ्या-पांढऱ्याची तक्रार करणाऱ्यांनी या कथेचा रंग कोणता ते सांगावे.

दुसरे उदाहरण मराठीचे आहे आणि तेही काशीचेच. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली टीका पैठणला सुरू केली आणि पुरी केली वाराणसीत, शके १४९५ म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये. अठरा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात तेविसाव्या अध्यायात अवंती नगरीच्या एका कद्रूची कथा आहे. हा ब्राह्मण श्रीमंत, पण बायकापोरांना उपाशी ठेवणारा, दारी आलेल्याला हाकलणारा. धन जाते, माणसे सोडून जातात, आणि तो भिक्षू होतो. पुढे लोक त्याला छळतात. काठी हिसकावतात, अन्न विटाळतात, अंगावर थुंकतात. या सगळ्यात तो जे बोलतो ते भिक्षुगीत म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या दुःखाला लोक कारण नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, काळ नाही, पूर्वकर्मही नाही असे तो एकेक कारण हातात घेऊन खाली ठेवत जातो. शेवटी उरते ते स्वतःचे मन. आजच्या पटकथाकाराने जितक्या सबबी शोधल्या असत्या तितक्या या भिक्षूने स्वतःच खोडल्या आहेत. ही ओळ मराठीत साडेचारशे वर्षे आहे. करडा रंग आयात करायची गरज कुणाला पडली आहे?

‘खलनायकाला भूतकाळ हवा’ या मागणीचेही तसेच. गंगेपलीकडे रामनगरला महिनाभर रामलीला चालते. युनेस्कोने २००८ मध्ये ज्या रामलीला परंपरेची नोंद केली तिच्यातली ही सर्वांत नावाजलेली. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत, आणि प्रेक्षकांतले कित्येक मांडीवर मानसची पोथी घेऊन बसलेले. त्या पोथीच्या बालकांडात रावणाचा एक नव्हे, अनेक भूतकाळ आहेत. त्यातला एक प्रतापभानू राजाचा. हा राजा सज्जन होता. एका कपटी तापसाने त्याला फसवले, ब्राह्मणांच्या पानात निषिद्ध मांस पडले, ब्राह्मणांनी त्याला कुळासकट राक्षस होण्याचा शाप दिला. मग आकाशवाणी झाली की राजाचा यात दोष नाही. पण शाप फिरला नाही. प्रतापभानू रावण झाला. म्हणजे रावणाच्या मुळाशी असलेला माणूस निर्दोष होता, हे तुलसीदास स्वच्छ सांगून टाकतात. आणि तरी पुढच्या कांडांत रावणाच्या एकाही कृत्याचे वजन त्याने हलके होत नाही. शेवटी बाण लागतो, रावणाचे तेज रामाच्या मुखात विलीन होते. रामनगरला त्या वेळी रावण झालेला माणूस दहा तोंडांचा मुखवटा उतरवतो, रामाच्या पाया पडतो आणि गर्दीत मिसळून जातो. पुतळा मग जाळायचा तो जाळतातच. कारण समजून घेणे आणि माफ करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्या मैदानावर निरक्षर म्हातारीलाही कळते. आपल्याकडच्या ‘रावणाची बाजू’, ‘दुर्योधनाची बाजू’ सांगणाऱ्या पुनर्कथनांच्या लाटेला ते कळत नाही. कर्णाची बाजू मांडणाऱ्या भाषणांत द्यूतसभेतला कर्ण किती मिनिटे येतो, हे एकदा घड्याळ लावून पाहावे.

इथे कुणी मला अडवेल, आणि अडवावेच. काशी तुम्ही सांगता तशी कडक कुठे आहे? इथे मेला की मुक्त, असाच या गावाचा धंदा आहे. मणिकर्णिकेवर शिव कानात तारक मंत्र सांगतो, चोर असो की साव. यापेक्षा स्वस्त सुटका कुठल्या खेळात आहे?

आक्षेप रास्त आहे, आणि तो नवा नाही. कबीर शेवटच्या दिवसांत काशी सोडून मगहरला गेले असे परंपरा सांगते, ते याच स्वस्ताईला उत्तर म्हणून. शास्त्रालाही ही अडचण दिसली होती, म्हणून त्याने भैरवी यातना नावाची सोय केली: काशीत पाप केलेल्याला मुक्तीच्या आधी काळभैरव अनेक जन्मांचे भोग एका क्षणात भोगायला लावतो. पण या सोयीतही एक खोट आहे. यातना भोगणारा आणि मुक्त होणारा एकच. ज्याच्यावर पाप केले तो या हिशेबात कुठेच नाही. रावणाचे तेज रामात विलीन झाले तेव्हा जटायूच्या घरच्यांना कुणी विचारले?

त्याहून मोठी खोट तराजूत आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताचे माप ठरले आहे. क्षत्रियाला मारले तर त्याचा चौथा हिस्सा, वैश्याला मारले तर आठवा, शूद्राला मारले तर सोळावा. म्हणजे कवटी हाताला चिकटते, पण ब्राह्मणाची घट्ट आणि शूद्राची सैल. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, तो अशाच तराजूंसाठी. तेव्हा जुने ते सगळे थोर, असे म्हणणाऱ्यांत मला धरू नये. परंपरेला हे नेमके माहीत होते की कृत्य करणाऱ्याच्या हाताला चिकटते आणि सबबीने सुटत नाही. तिचे माप मात्र खोटे होते.

आणि नेमके इथे खेळाच्या बाजूने बोलावे लागते. सिल्व्हानसला शिक्षा कोण सुनावते? जिचे लोक त्या झाडावर जळाले ती टिरांडे. आणि शिक्षा काय? मृत्युलोकाच्या त्या नरकात परत जा, आणि तिथे अडकलेला एकूण एक जीव शोधून सोडव. शेवटचा सुटेपर्यंत तुझीही सुटका नाही. चौथा हिस्सा नाही, सोळावा नाही. प्रत्येक जीव पुरा एक. निवाडा देणारी देवता नाही, जिचे नुकसान झाले ती आहे. हे काशीखंडाला सुचलेले नाही, मनूला तर सुचणे शक्यच नव्हते. एवढे चांगले सुचल्यावर लेखकांनी काय केले? ती नरकाकडे निघाली आणि त्या विस्तारापुरते तिचे प्रकरण तिथेच मिटले. झाड जळताना ज्या खेळणाऱ्याच्या हाताने माणसे मोजवून घेतली, त्याला आत्मे मोजताना मात्र बाहेर ठेवले. दुखवण्याचा भाग खेळायला दिला, फेडण्याचा भाग सांगून संपवला. अर्ध्या आत्म्याची सबब पडद्यावर सविस्तर आली आणि शिक्षा एका वाक्यात.

माझे भांडण याच्याशी आहे, कारण हा ढाचा आता खेळात राहिलेला नाही. मराठी राजकारणात ‘वाल्याचा वाल्मीकी’ हा वाक्प्रचार गेली काही वर्षे कसा वापरला जातो हे वाचकांना सांगायला नको. काल ज्याच्यावर आरोपांची फाइल होती तो आज पक्ष बदलतो आणि वाल्मीकी होतो. विनोद म्हणून ऐकून आपण पुढे जातो. पण मूळ कथा तरी कुणी आठवावी. मराठीत सांगतात त्या कथेत वाल्या प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकतो, असे सात रांजण भरतात. नारद त्याला विचारतात की या पापात घरचे वाटेकरी होतील का. तो घरी जाऊन विचारतो. कुणीही हो म्हणत नाही. वाटेकरी मिळत नाही, हाच त्या कथेचा कणा आहे. आजचा वाल्या मात्र वाटेकऱ्यांच्या गर्दीतच वाल्मीकी होतो, आणि रांजण कुठे गेले हे विचारायची सोय नाही.

ही कथा वाल्मीकिरामायणात नाही. अध्यात्म रामायणासारख्या नंतरच्या ग्रंथांत ती येते, आणि तिथला लुटारू जन्माने ब्राह्मण आहे. मराठीत तो कोळी झाला. आपल्या आद्यकवीच्या माथी दरोडे मारण्याला वाल्मीकी समाजातून हरकत घेतली गेली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पाप वाटून घ्यायला घरचे तयार नव्हते, पण कथा सांगणाऱ्यांनी ते एका जातीच्या खात्यावर टाकले. मोजणी चुकीच्या दारात नेऊन ठेवणे, ही सबबीचीच आणखी एक जात.

याउलट सारनाथच्या बाजूची गोष्ट पाहा. सारनाथ माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटर. मज्झिम निकायातला अंगुलिमाल मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ गळ्यात घालतो. तीही मोजणीच. बुद्धाला भेटून तो भिक्खू होतो. त्याला पकडायला निघालेला राजा पसेनदी त्याला पाहून हात जोडतो, म्हणजे सरकारने गुन्हा मागे घेतला. पण गावात भिक्षेला जावे तर ढेकूळ येते, काठी येते, खापर येते. डोके फुटते, पात्र फुटते, चीवर फाटते. बुद्ध त्याला काय सांगतात? सोस. हे तुझ्या कर्माचे फळ आहे. गावकऱ्यांनी माफ करावे असे बुद्ध एका शब्दाने म्हणत नाहीत. अर्हताच्याही डोक्यात धोंडा पडू शकतो आणि तो मारणारा चूक ठरत नाही, ही जागा मला जगातल्या कुठल्याही खलनायकाच्या सुटकेपेक्षा खरी वाटते. राजाने सोडले म्हणजे सुटला असे होत नाही, आणि गावाने सोडायला नकार दिला म्हणून त्याचे बदलणे खोटे ठरत नाही. दोन्ही एकाच पानावर राहतात.

आता शब्दाकडे परत येते, कारण माझे हत्यार तेच आहे. ‘रिडेम्प्शन’ हा शब्द लॅटिनमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ विकत घेऊन परत आणणे, पैसे भरून सोडवणे. सावकारी त्याच्या हाडात आहे. ख्रिस्ती परंपरेत हे मोल स्वतः ख्रिस्त चुकवतो. त्या विचाराला मराठी शब्द शोधण्याचे काम गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणापासून चालू आहे, आणि पुढच्या मराठी बायबलांनी ‘तारण’ हा शब्द रुळवला. त्यांचे काम प्रामाणिक होते, कारण त्यांच्या कथेत मोल खरोखर कुणीतरी चुकवले होते. आजच्या खेळांत आणि पुनर्कथनांत ते कुणीच चुकवत नाही. लेखक परस्पर माफ करून टाकतो.

मराठीला याहून नेमका शब्द घरातच सापडतो. गहाण टाकलेला दागिना आपण सोडवतो. मुद्दल आणि व्याज, दोन्ही मोजून. कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईचे पांग फेडतो. ‘इथले इथेच फेडावे लागते’ हे वाक्य ज्या घरात कानांवर पडलेले नाही असे मराठी घर मला माहीत नाही. ‘फेड’ या शब्दात तीन गोष्टी न सांगता येतात: काय घेतले त्याचा आकडा, कुणाकडून घेतले त्याचे नाव, आणि पुरे झाले असे म्हणण्याचा हक्क देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा नाही. कर्जदार स्वतःच ‘फिटले’ असे जाहीर करू शकत नाही. ‘उद्धार’मध्ये यातले एकही येत नाही, म्हणून तो इतका सोयीचा आहे.

पण काही देणी फिटतच नाहीत, मेलेला माणूस परत आणता येत नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे. फिटत नाही म्हणून फेडणे बंद करायचे की चालू ठेवायचे, एवढाच तिथे प्रश्न उरतो. काळभैरव कोतवालीवरून निवृत्त झाल्याचे या गावात कुणी ऐकलेले नाही.

तेव्हा लेखक, अनुवादक आणि समीक्षक मित्रांना माझे सांगणे सरळ आहे. पडलेल्या खलनायकाला जरूर उठवा. त्याला भूतकाळ द्या, जखम द्या, आई द्या, हवा तर आत्म्याचा हरवलेला तुकडाही द्या. पण त्याला मोकळे करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: खडे कुणी मोजले, फेड कुणाला पोचली, आणि ‘पुरे’ कोण म्हणाले. तिन्ही उत्तरे एकाच माणसाकडे येत असतील, आणि तो माणूस खलनायक किंवा त्याचा लेखक असेल, तर ती सुटका नाही, ती पळवाट आहे. आणि खेळ रचणाऱ्यांना एक मागणे. तुमच्या हाती असे माध्यम आहे की ज्यात वाचकाला मोजायला लावता येते. जळते गाव मोजवून घेतलेत, आता एकेक जीव सोडवण्याचा कंटाळवाणा, लांबलचक, टाळ्या न मिळणारा भागही खेळायला द्या. तो कुणी खेळणार नाही, असे तुमचा विक्री विभाग म्हणेल. म्हणू दे.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. यापुढे शब्दसूचीत ‘उद्धार’ आला की मी ‘फेड’ लिहीन आणि समासात कारण लिहीन. संपादकाला बदलायचे तर त्याने बदलावे. पण बदलताना त्यानेही समासात आपले कारण लिहावे, आणि खाली सही करावी.